विश्लेषण : कोटींची कार, तरी घरघर कसली? आलिशान गाडीची शांतता आणि आराम टायरवर कसे अवलंबून?

ताशी ६० मैल वेगाने धावताना या गाडीत सर्वांत मोठा आवाज येतो तो तिच्या विजेवरच्या घड्याळाचा, असा दावा करणारी रोल्स-रॉइसची जाहिरात १९५८ मध्ये अमेरिकेत गाजली होती. जाहिरात क्षेत्रातील दिग्गज डेव्हिड ओगिल्व्ही यांनी ती लिहिली होती. आज घड्याळाची टिकटिक गेली, इंजिन कमालीचे शांत झाले आणि इलेक्ट्रिक गाडीत तर इंजिनच उरले नाही. तरीही महागड्या गाडीच्या मागच्या सीटवर बसल्यावर एक संथ घरघर कानावर येतेच. ती असते टायरची.

रोल्स-रॉइसनेच २०१७ मध्ये आठव्या पिढीची फँटम आणली, तेव्हा तिच्यात १३० किलोहून अधिक ध्वनिरोधक साहित्य आणि चहूबाजूंनी दुपदरी काचा असल्याचे सांगितले. त्यासोबत आणखी एक आकडा होता. या गाडीसाठी योग्य टायर सापडेपर्यंत १८० हून अधिक टायर डिझाइनची चाचणी घेण्यात आली होती. निवडलेल्या टायरच्या आत फोमचा थर होता आणि त्यामुळे टायरचा आवाज ९ डेसिबलने घटल्याचा कंपनीचा दावा होता.

मात्र कंपनीने एवढ्या मेहनतीने निवडलेला टायर गाडीसोबत आयुष्यभर राहत नाही. तो घासला किंवा खड्ड्यात फुटला की पुढचा निर्णय टायरच्या दुकानात, बहुतेकदा किंमत आणि उपलब्धता पाहून होतो. त्या निर्णयाने गाडीचा आवाज, आराम आणि काही वेळा सुरक्षितताही बदलते. ती कशी, ते समजून घेऊ.

टायरचा आवाज इंजिनापेक्षा मोठा कसा?

शहरात रेंगाळणाऱ्या गाडीत इंजिनाचा आवाज जाणवतो. पण वेग ताशी ४० ते ५० किलोमीटरच्या पुढे जाऊन स्थिर झाला की बहुतेक आधुनिक कारमध्ये टायर आणि रस्ता यांच्या घर्षणातून, आघातातून येणारा आवाज इंजिनाला मागे टाकतो. ताशी १०० च्या पुढे त्यात वाऱ्याचा आवाज मिसळतो.

साध्या कारमध्ये हे सगळे आवाज एकमेकांत मिसळून जातात. आलिशान कारमध्ये इंजिन आणि वारा या दोघांनाही बऱ्यापैकी गप्प केलेले असते. त्यामुळे उरलेला टायरचा आवाज अधिक ठळक वाटतो. बारा लाखांच्या कारमध्ये जो टायर कुणाच्या लक्षातही येणार नाही, तोच टायर सव्वा कोटीच्या कारमध्ये खटकतो, याचे कारण हे आहे.

हा आवाज तयार कसा होतो?

टायर फिरताना त्यावरील नक्षीचा प्रत्येक ठोकळा रस्त्यावर आपटतो आणि पुन्हा उचलला जातो. २४५/४५ आर १९ या मापाच्या टायरचा परीघ साधारण २.२ मीटर असतो. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटर वेगाने तो सेकंदात दहा फेऱ्या मारतो. परिघावर समजा ६५ ठोकळे असतील, तर सेकंदाला ६५० आघात होतात. हे सगळे ठोकळे एकाच लांबीचे असते तर त्यातून एकसुरी शिट्टी ऐकू आली असती. म्हणून कंपन्या ठोकळ्यांची लांबी मुद्दाम लहान-मोठी ठेवतात. आवाजाची एकूण ऊर्जा त्याने फारशी घटत नाही, पण ती अनेक सुरांत विखुरते आणि कानाला कमी बोचते. टायरची नक्षी जवळून पाहिली तर हा फरक डोळ्यांनाही दिसतो.

दुसरा स्रोत हवेचा. नक्षीच्या खाचांत अडकलेली हवा रस्त्याला टेकताना दाबली जाते आणि सुटताना बाहेर फेकली जाते. लांब सरळ खाचा बासरीच्या नळीसारख्या घुमतात. टायरचा गोलवा आणि रस्ता यांच्यामध्ये जी पाचरीसारखी जागा तयार होते, ती कर्ण्याचे काम करते आणि आवाज आणखी मोठा करते. टायर जितका रुंद, तितके हे सगळे वाढते.

तिसरा स्रोत टायरच्या आत असतो. रिम आणि टायर यांच्यामध्ये हवेने भरलेली कड्याच्या आकाराची पोकळी असते. रस्त्याच्या धक्क्याने ही हवा ठराविक सुरात घुमू लागते. वरच्याच मापाच्या टायरमध्ये या कड्याचा मधला परीघ सुमारे १.८ मीटर येतो. आवाजाचा हवेतील वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर. भागाकार केला की उत्तर येते १९० हर्ट्झच्या आसपास. पेटी वाजवणाऱ्यांना सांगायचे तर पांढरी पाचच्या जवळपासचा सूर. खड्ड्यावरून किंवा पुलाच्या सांध्यावरून जाताना ऐकू येणारा घुमारा बहुधा हाच असतो.

हा तिसरा आवाज सर्वांत चिवट. पहिले दोन हवेतून येतात, त्यामुळे जाड काच, दुपदरी दरवाजे आणि रबरी पट्ट्या त्यांना अडवू शकतात. पोकळीतला घुमारा मात्र रिममधून एक्सलमध्ये, तिथून सस्पेन्शनमधून गाडीच्या सांगाड्यात आणि मग थेट केबिनमध्ये पोहोचतो. त्याच्या वाटेत काच येतच नाही. म्हणून तो मुळाशीच, म्हणजे टायरमध्ये किंवा रिममध्येच मारावा लागतो.

टायरमधला फोम काय करतो?

पोकळीतला घुमारा शोषण्यासाठी टायरच्या आतल्या बाजूला, नक्षीच्या बरोबर मागे, पॉलियुरेथेन फोमची पट्टी चिकटवली जाते. कॉन्टिनेन्टल तिला ‘कॉन्टीसायलेंट’ म्हणते, मिशेलिन ‘अकूस्टिक’, गुडइयर ‘साउंडकम्फर्ट’, तर पिरेली ‘पीएनसीएस’. मुंबईत मुख्यालय असलेल्या सीएटनेही ‘स्पोर्टड्राइव्ह’ मालिकेत असे फोमचे टायर आणले आहेत. होंडाने वेगळी वाट धरली. तिच्या अॅक्युरा आरएलएक्स या सेडानमध्ये रिमलाच पोकळ कप्पे देऊन तो सूर शोषण्याची सोय केली होती.

फोममुळे केबिनमधील आवाज गाडीनुसार ९ डेसिबलपर्यंत घटू शकतो, असे कॉन्टिनेन्टल सांगते. डेसिबलचे गणित सरळ बेरीज-वजाबाकीचे नसते. ३ डेसिबल कमी म्हणजे आवाजाची ऊर्जा निम्मी. ९ डेसिबल कमी म्हणजे ती साधारण एक अष्टमांश. कानाला मात्र आवाज निम्म्याच्या आसपास आल्यासारखा वाटतो.

यात एक मेख आहे. फोम प्रामुख्याने पोकळीच्या सुरावरच काम करतो. नक्षीची शिट्टी, रुंद टायरची सळसळ किंवा वाऱ्याचा आवाज तो थांबवत नाही. त्यामुळे खडबडीत रस्त्यावर त्याचा फरक चांगला जाणवतो, गुळगुळीत डांबरावर तुलनेने कमी.

पंक्चरच्या वेळीही फोम लक्षात ठेवावा लागतो. आतून पॅच लावायचा तर त्या जागेचा फोम नीट कापून काढावा लागतो. रस्त्याकडेच्या दुकानात तो ओरबाडला गेला किंवा सैल तुकडा आतच राहिला, तर चाकाचे बॅलन्सिंग बिघडते आणि स्टिअरिंग थरथरते. म्हणून गाडीत फोमचे टायर असतील तर पंक्चरवाल्याला आधी सांगणे शहाणपणाचे.

मोठी रिम, कमी आराम. असे का?

शोरूममध्ये १८ ऐवजी २० इंची रिम असलेली गाडी रुबाबदार दिसते यात वाद नाही. पण त्याची किंमत टायरची भिंत, म्हणजेच साइडवॉल चुकवते.

टायरवर लिहिलेले माप वाचता आले की हे लगेच समजते. २४५/५० आर १८ मध्ये २४५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, ५० म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या ५० टक्के आणि १८ हा रिमचा व्यास इंचांत. आता बाहेरचा व्यास जवळपास तोच, म्हणजे ७०० मिलिमीटरच्या थोडा वर ठेवून रिम वाढवत गेले तर काय होते पाहा.

२४५/५० आर १८ : भिंतीची उंची सुमारे १२२ मिमी
२४५/४५ आर १९ : सुमारे ११० मिमी
२४५/४० आर २० : ९८ मिमी
२४५/३५ आर २१ : सुमारे ८६ मिमी

१८ वरून २० इंचांवर गेले की रस्ता आणि रिम यांच्यातील गादी २० टक्क्यांनी पातळ होते. २१ इंचांवर ती ३० टक्क्यांनी घटते. खड्ड्याची कडा लागली की ही गादी पूर्ण दबते आणि धक्का थेट रिमला बसतो. मग रिम वाकते, तिला तडा जातो किंवा भिंतीतले धागे तुटून टायरला फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, तो बदलावाच लागतो. त्यावर महामार्गाच्या वेगाने गाडी चालवणे धोक्याचे असते.

एअर सस्पेन्शन असताना टायरने काय फरक पडतो?

कोटीच्या घरातील अनेक गाड्यांत एअर सस्पेन्शन असते. मग टायर कडक असला तरी काय बिघडले, असा प्रश्न पडू शकतो. इथे दोन वेगवेगळ्या कामांची गल्लत होते.

सस्पेन्शन सांभाळते ते मोठे आणि संथ हेलकावे. गतिरोधक, रस्त्याचा चढ-उतार, पुलाच्या तोंडाशी खचलेला भाग यावर गाडीचे शरीर सेकंदाला एक-दीड वेळा वरखाली होते आणि तिथे एअर सस्पेन्शनची कमाल दिसते. पण ताशी ८० किलोमीटरने जाताना दहा सेंटीमीटर रुंदीचा खड्डा सेकंदाच्या पाच हजारांशांहूनही कमी वेळात चाकाखालून निघून जातो. पेव्हर ब्लॉकची कडा, काँक्रीटचा सांधा, झाकणाची किनार यांचेही तसेच. एवढ्या चटकन आलेल्या धक्क्याला सस्पेन्शन प्रतिसाद देण्याआधी टायरलाच तो पोटात घ्यावा लागतो. थोडक्यात, टायर ही गाडीची पहिली स्प्रिंग आहे.

रिमच्या वजनाचाही प्रश्न येतो. टायर, रिम आणि ब्रेक हा सगळा भाग स्प्रिंगच्या खाली असतो. तो जितका जड, तितके खड्ड्यानंतर चाक उशिरा सावरते आणि आत बसलेल्याला थडथड जाणवते. बाहेरून घेतलेली मोठी, स्वस्त आणि जड रिम म्हणूनच दुहेरी तोट्याची ठरते.

रन-फ्लॅट टायर कडक का वाटतात?

रन-फ्लॅट टायर पंक्चर झाला तरी साधारण ताशी ८० किलोमीटर वेगाने ८० किलोमीटरपर्यंत नेता येतो. रात्री घाटात किंवा निर्मनुष्य महामार्गावर थांबून चाक बदलण्याची वेळ येत नाही, हा त्याचा मोठा फायदा. हवा गेल्यावरही गाडीचे वजन पेलायचे म्हणून त्याची भिंत जाड, कडक रबराने मजबूत केलेली असते. हीच मजबुती हवा भरलेली असतानाही छोटे धक्के आत पाठवते. नव्या पिढीचे रन-फ्लॅट पूर्वीपेक्षा मऊ झाले आहेत, पण त्याच मापाच्या साध्या टायरइतके ते सहसा मऊ नसतात.

म्हणून पहिला संच संपल्यावर अनेक मालक साधे टायर बसवून घेतात आणि गाडी बदलल्यासारखी वाटते, असे सांगतात. आरामाच्या दृष्टीने ते खरेही आहे. पण रन-फ्लॅट दिलेल्या अनेक गाड्यांत स्टेपनी नसते आणि ती ठेवायला जागाही नसते. टायरमधील हवा दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचे किट असेल तर स्टेपनीची सक्ती नको, अशी सूट केंद्र सरकारने २०२० मध्ये नियमांत दिली आहे. तेव्हा रन-फ्लॅट काढायचे असतील तर हवा भरण्याचा पंप आणि दुरुस्तीचे किट गाडीत हवेच. भिंत फाटली तर किटचाही उपयोग होत नाही, हेही ध्यानात ठेवायला हवे. चारपैकी दोन रन-फ्लॅट आणि दोन साधे अशी सरमिसळ तर टाळलेलीच बरी, कारण पुढची आणि मागची चाके वेगळ्या पद्धतीने वागू लागतात.

टायरवरचा तारा, ‘एमओ’, ‘एओ’ म्हणजे काय?

एकाच कंपनीचा, एकाच नावाचा आणि एकाच मापाचा टायर दोन प्रकारचा असू शकतो. आलिशान कार बनवणाऱ्या कंपन्या टायर कंपनीकडून आपल्या गाडीसाठी रबराचे मिश्रण, भिंतीचा ताठपणा आणि नक्षी जुळवून घेतात. अशा टायरवर खूण असते. बीएमडब्ल्यूसाठी तारा, मर्सिडीजसाठी ‘एमओ’, ऑडीसाठी ‘एओ’, तर पोर्शसाठी ‘एन’ आणि पुढे आकडा. मर्सिडीजच्या रन-फ्लॅट प्रकारावर ‘एमओई’ आणि फोमच्या टायरवर ‘एमओ-एस’ अशी खूण आढळते.

खूण नसलेला टायर वाईट असतो असे नाही. काही वेळा तो अधिक शांत किंवा अधिक टिकाऊही असतो. पण गाडीच्या सस्पेन्शनची जुळणी खुणेच्या टायरवर झालेली असते. त्यामुळे खूण सोडायची तर निदान चारही टायर एकसारखे असावेत. ऑल-व्हील ड्राइव्ह गाड्यांत हे अधिक महत्त्वाचे, कारण पुढच्या-मागच्या चाकांच्या घेरात फरक पडला तर गिअर यंत्रणेवर ताण येतो.

भारतात यात उपलब्धतेचीही अडचण येते. जून २०२० मध्ये केंद्राच्या विदेश व्यापार महासंचालनालयाने नव्या टायरची आयात ‘मुक्त’ गटातून ‘निर्बंधित’ गटात टाकली. देशी उत्पादनाला चालना मिळावी हा हेतू होता. पण आलिशान गाड्यांना लागणारी अनेक मापे तेव्हा परदेशातूनच येत होती आणि ती मिळेनाशी झाली. अशा वेळी ‘हाच बसतो, घेऊन टाका’ असा सल्ला मिळतो. तो मानण्याआधी टायरवरील भार निर्देशांक आणि वेगाचे अक्षर मूळ टायरपेक्षा कमी तर नाही ना, हे तपासलेच पाहिजे.

लेबलवरील डेसिबलचा आकडा काय सांगतो?

युरोपात विकल्या जाणाऱ्या टायरवर आवाजाचा आकडा डेसिबलमध्ये आणि ए, बी, सी अशी श्रेणी असते. तिचे सध्याचे रूप १ मे २०२१ पासून लागू आहे. ऑनलाइन टायर शोधणारे अनेक भारतीय ग्राहक हा आकडा पाहून टायर निवडतात. पण तो गाडीच्या आतला आवाज नसतो.

ही चाचणी ताशी ८० किलोमीटरला, इंजिन बंद ठेवून, ठराविक गुळगुळीत रस्त्यावर होते. मायक्रोफोन गाडीच्या मार्गापासून साडेसात मीटरवर असतो. म्हणजे तो आकडा रस्त्याकडेला राहणाऱ्या माणसाला किती त्रास होईल ते सांगतो. एक्सलमधून केबिनमध्ये येणारा घुमारा त्यात मोजला जात नाही. त्यामुळे फोमचा फायदाही या आकड्यात दिसत नाही. शिवाय रुंदीनुसार मर्यादा बदलते. १८५ मिमीपर्यंतच्या टायरला ७० डेसिबल, तर २७५ मिमीहून रुंद टायरला ७४. रुंद टायर अधिक आवाज करतो, हे नियमानेही मान्य केले आहे असा त्याचा अर्थ.

भारतातही जून २०२२ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने टायरचा आवाज, ओल्या रस्त्यावरील पकड आणि घरंगळताना होणारा विरोध यांच्या मर्यादा बंधनकारक केल्या. नव्या डिझाइनच्या टायरना त्या १ ऑक्टोबर २०२२ पासून लागू झाल्या आणि आधीपासूनच्या डिझाइनना २०२३ मध्ये. एआयएस-१४२ या मानकातील आवाजाची चाचणीही गाडीच्या बाहेरच होते.

समृद्धी आणि द्रुतगती मार्गावर आवाज जास्त का?

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि ७०१ किलोमीटरचा मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग हे दोन्ही काँक्रीटचे. काँक्रीट टिकाऊ असते, पण पकडीसाठी त्यावर ओढलेल्या आडव्या रेघा टायरला एका तालात घासतात आणि सततची शीळ निर्माण करतात. काँक्रीटच्या स्लॅबचे सांधे साधारण साडेचार मीटरवर धरले, तर ताशी १०० किलोमीटरला सेकंदाला सहा टकटक होतात. डांबरी रस्त्यावर हे दोन्ही नसते.

त्यामुळे नवे टायर ‘आवाज करतात’ असे वाटले, तर आधी तीच गाडी त्याच वेगाने चांगल्या डांबरी रस्त्यावर चालवून पाहावी. दोन चांगल्या टायरमधील फरकापेक्षा दोन रस्त्यांमधील फरक अनेकदा मोठा असतो.

समृद्धीवर कारसाठी वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे. सरळ, लांब, तापलेल्या काँक्रीटवर तासन्तास हा वेग ठेवला की टायर किती तापतो, हे आरामापेक्षा महत्त्वाचे ठरते. इथेच एक लोकप्रिय उपाय अंगलट येतो.

हवा कमी ठेवली तर आराम वाढतो का?

थोडा वाढतो, पण ती युक्ती धोक्याची आहे. हवा कमी असली की भिंत प्रत्येक फेरीत जास्त वाकते, त्यातून उष्णता तयार होते आणि वेगात टायर फुटण्याची शक्यता वाढते. कडा लवकर घासतात आणि काही दिवसांनी आवाजही वाढतो. उलट हवा जास्त भरली तर टायर कडक होतो, मधला भाग घासतो आणि ओल्या रस्त्यावर पकड कमी होते.

बरोबर आकडा चालकाच्या दरवाजाच्या चौकटीवरील किंवा इंधन टाकीच्या झाकणामागील स्टिकरवर असतो. अनेक आलिशान गाड्यांत दोघांसाठी एक आणि पूर्ण भरलेल्या गाडीसाठी दुसरा असे दोन आकडे असतात. रोज एकट्याने किंवा दोघांनी प्रवास होत असेल आणि हवा मात्र कायम पूर्ण भाराची असेल, तर गाडी विनाकारण कडक वाटते. हवा नेहमी टायर थंड असताना तपासावी.

नायट्रोजनने गाडी मऊ चालते, हा समज मात्र खरा नाही. साध्या हवेतच सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो. आरामाचा संबंध दाबाशी आहे, वायूच्या नावाशी नाही.

इलेक्ट्रिक कारमध्ये प्रश्न अधिक गंभीर का?

मर्सिडीजने २०२२ मध्ये पुण्याजवळच्या चाकणमध्ये ईक्यूएस ५८० या इलेक्ट्रिक सेडानची जुळणी सुरू केली. बॅटरीमुळे या गाडीचे वजन अडीच टनांच्या आसपास जाते. एवढा भार पेलायला टायरची भिंत मजबूत लागते, पण मजबुती वाढली की मऊपणा घटतो. त्यात इंजिनाचा आवाज झाकायला नाही. म्हणजे टायर अधिक कडक हवा आणि अधिक शांतही, अशी परस्परविरोधी मागणी तयार होते. जास्त भार पेलणाऱ्या टायरसाठी ‘एचएल’ ही खूण याच गरजेतून आली. इलेक्ट्रिक कारला साध्या कारचा त्याच मापाचा टायर बसतो, म्हणून चालतोच असे नाही.

आवाज टायरचाच, हे ओळखायचे कसे?

नवे टायर घेण्याआधी आवाजाचे मूळ शोधले तर मोठा खर्च वाचू शकतो. वेग वाढला की सूर चढत जातो, असे असेल तर नक्षी किंवा असमान घासणे हे कारण असू शकते. खड्ड्यावरच घुमारा येतो आणि वेग बदलला तरी सूर तोच राहतो, तर तो पोकळीचा आवाज. वळणावर एका बाजूला झुकताच घरघर वाढत किंवा थांबत असेल, तर व्हील बेअरिंग तपासावे.

टायरवर हात फिरवून पाहिला आणि एका दिशेने गुळगुळीत, तर दुसऱ्या दिशेने करवतीच्या दातांसारखे लागले, तर ठोकळे तिरपे घासले आहेत. यामागे बहुधा अलाइनमेंट बिघडलेले असते किंवा चाकांची अदलाबदल झालेली नसते. साधारण दर दहा हजार किलोमीटरला ही अदलाबदल करावी, असे सांगितले जाते. पुढच्या आणि मागच्या चाकांची मापेच वेगळी असतील, तर मात्र पुढची-मागची अदलाबदल करता येत नाही.

टायरचे वयही पाहावे. भिंतीवरील चार आकड्यांत पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष सांगतात. २३२४ म्हणजे २०२४ मधील तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी रबर वर्षांगणिक कडक होते आणि कडक रबर जास्त वाजते. नक्षीची खोली १.६ मिमीवर आली की टायर कायद्यानेही बाद होतो. पण गोटा होईपर्यंत थांबू नये, कारण पावसातली पकड त्याच्या बरीच आधी घटलेली असते.

मग टायर निवडताना काय पाहावे?

पहिले, वापर. बहुतांश कंपन्यांच्या दोन ओळी असतात. मिशेलिनची ‘प्रायमसी’, ब्रिजस्टोनची ‘टुरान्झा’, पिरेलीची ‘सिन्टुराटो’ या आरामाकडे झुकणाऱ्या. ‘पायलट स्पोर्ट’, ‘पोटेन्झा’, ‘पी झिरो’ या वेग आणि पकडीकडे झुकणाऱ्या. मागच्या सीटवर आई-वडील बसणार असतील, तर स्पोर्ट टायरचे जास्तीचे पैसे बहुधा वाया जातात.

दुसरे, माप. कंपनीने त्या मॉडेलला मान्यता दिलेल्या मापांपैकी लहान रिम आणि उंच भिंतीचे माप घेतले तर आराम वाढतो, खड्ड्यात रिम वाचते आणि टायरही सहसा स्वस्त पडतो. मात्र मोठे ब्रेक असलेल्या गाडीत लहान रिम बसतेच असे नाही. ते आधी विचारून घ्यावे.

तिसरे, प्राधान्यक्रम. भार निर्देशांक, वेगाचे अक्षर आणि ओल्या रस्त्यावरील पकड या तीन गोष्टींवर तडजोड नको. त्यात बसणाऱ्या टायरमधून शांत टायर निवडावा. सर्वांत शांत टायर आधी आणि पकड नंतर, हा क्रम पावसाळ्यात महागात पडू शकतो.

आलिशान गाडीच्या चार टायरचा संच लाखाच्या पुढे सहज जातो, त्यामुळे दुकानात किंमतीकडे लक्ष जाणे स्वाभाविक आहे. पण गाडी आणि रस्ता यांची गाठ पडते ती फक्त चार तळहातांएवढ्या रबरावर. जुन्या टायरचे माप, भार निर्देशांक, वेगाचे अक्षर आणि खूण यांचा मोबाइलमध्ये एक फोटो काढून ठेवला, तर दुकानदाराने पर्याय सुचवल्यावर तुलना करायला दोन मिनिटेही लागत नाहीत.